कॅन्ससमधल्या चमत्कारिक जागा, अचाट माणसं आणि भुताखेताच्या गोष्टी

गहूवर्णी:

डेन्व्हरला जाताना कॅन्सस रात्रीच पार करायचा, हा आपल्या मंडळींचा जणू कुळाचार झालाय. पोरं मागे झोपलेली, आय-७० महामार्गावर क्रूझ कंट्रोल लावलेला, आणि उजाडलं की एकदम कोलोरॅडो. मी कॅन्ससमधल्या विचिटा शहरात राहतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तिथे बघायला काय आहे हो?" विमानाच्या कारखान्यात नोकरी, त्यामुळे सुरुवातीला मलाही विमानांपलीकडे काही दिसत नव्हतं. मग सुट्टीच्या दिवशी आडरस्त्यांनी भटकायला लागलो. इथे निसर्गाने हात जरा आखडता घेतलाय, म्हणून माणसांनीच एकेक उद्योग करून ठेवलेत असं माझं मत झालंय. त्या उद्योगांसाठी हा धागा.

पहिला मान कॉकर सिटीचा. उत्तर कॅन्ससमध्ये यूएस-२४ वर हे चिमुकलं गाव आहे. भर रस्त्यावर एका छपराखाली घायपाताच्या सुतळीचा गुंडा ठेवलाय. माणसाहून उंच, वजन २०,००० पौंडांच्या वर. फ्रँक स्टोबर नावाच्या शेतकऱ्याने १९५३ मध्ये गवताच्या गठ्ठ्यांची सुतळी वाया जाऊ नये म्हणून गुंडाळायला घेतली, ती गुंडाळतच राहिला. १९६१ मध्ये त्याने तो गुंडा गावाला देऊन टाकला आणि गावाने व्रत पुढे चालवलं. दर ऑगस्टमध्ये तिथे 'ट्वाइन-अ-थॉन' असतो. जो येईल त्याने आपली सुतळी त्यावर चढवायची. फुटपाथवर सुतळीसारखी रेघ रंगवलेली आहे, तिच्यामागून चालत गेलं की दुकानांच्या काचांत जगप्रसिद्ध चित्रांच्या नकला दिसतात, आणि त्या प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे सुतळीचा गुंडा घुसवलेला असतो.

दुसरं ल्युकस. हे गाव म्हणजे वेडाची राजधानी. सॅम्युअल डिन्समूर हा यादवी युद्धात लढलेला माजी सैनिक. १९०७ मध्ये, साठी उलटल्यावर, त्याने घर बांधायला घेतलं. लांबून बघितलं तर लाकडाच्या ओंडक्यांचं वाटतं, जवळ गेलं की कळतं सगळा चुनखडीचा दगड ओंडक्यांसारखा घडवलाय. मग घराभोवती शंभर टनांहून जास्त सिमेंट ओतून त्याने पुतळ्यांचं रान उभं केलं. आदम, ईव्ह, केन, एबल हे तर आहेतच, पण पुढे श्रमिकाला क्रूसावर चढवलंय आणि खिळे ठोकणारे कोण, तर वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि बँकर. जागेचं नाव 'गार्डन ऑफ ईडन'. पहिली बायको गेल्यावर ऐंशीच्या घरात त्याने विशीतल्या मुलीशी लग्न केलं, त्यांना मुलंही झाली. अंगणात स्वतःची समाधी बांधून ठेवली होती. १९३२ मध्ये तो वारला, तेव्हापासून काचेच्या झाकणाखाली तिथेच आहे. घर दाखवणारे तुम्हाला आत नेतात आणि महाशय दिसतात. शेजारी सिमेंटचा बुधला ठेवलाय. खाली नरकात जायची वेळ आली तर वाटेत पाणी भरून नेईन, तिथे लोकांना पाण्याची गरज असते म्हणतात, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

तुम्ही पाहिलेल्या जागा लिहा. फक्त 'टॉप टेन'च्या याद्या आणून चिकटवू नका, ही विनंती.

अर्धाकप:

सुतळीवर धागा काढलात! पण फोटो कुठायत? काचेतल्या आजोबांचा नको. जेवताना मोबाइल बघायची सवय आहे.

झुळूक:

मिनेसोटाकर या नात्याने निषेध नोंदवते. डार्विन नावाच्या आमच्या गावात फ्रान्सिस जॉन्सन या एकट्या माणसाने १९५० पासून गुंडा वळलाय, १७,४०० पौंडांचा. त्यात दुसऱ्या कुणाची एक वीतही सुतळी नाही. तुमच्या गुंड्याला दर ऑगस्टमध्ये गावजेवणासारखे शंभर हात लागतात, मग मोठा होणारच की!

गहूवर्णी:

झुळूकताई, निषेध मान्य. दोन्ही गावं आपापल्या पाटीवर 'जगातला सर्वांत मोठा' लिहितात. तुमची पाटी एकट्याने वळलेल्यातला म्हणून, आमची सगळ्यांनी मिळून वळलेल्यातला म्हणून. तुमचा काचेच्या खोलीत बंद आहे, आमच्याला हात लावता येतो आणि भर घालता येते, म्हणून मला आमचा जास्त आवडतो. त्याला वासही येतो, जुन्या गोणपाटासारखा.

खडूस म्हातारा:

पाच-सहा वेळा गाडीने गेलोय त्या राज्यातून. कॅन्सस पॅनकेकपेक्षा सपाट आहे हे शास्त्रज्ञांनीसुद्धा सिद्ध केलंय. सुतळी गुंडाळतील नाहीतर काय करतील बिचारे.

नकाशेवाला:

आजोबा, ते 'सिद्ध करणं' २००३ मध्ये एका विनोदी विज्ञान-नियतकालिकात झालं होतं. हॉटेलातला पॅनकेक आणून त्याचा उंचसखलपणा मोजला आणि राज्याच्या छेदाशी ताडून पाहिला. पॅनकेक राज्याएवढा ताणला तर त्याचे डोंगर-दऱ्या हिमालयाला लाजवतील, मग कुठलंही राज्य त्याच्यापुढे सपाटच निघणार. पुढे २०१४ मध्ये भूगोलवाल्यांनी सगळ्या राज्यांची नीट मोजणी केली. पहिला नंबर फ्लोरिडाचा आला, कॅन्सस सातवा. आणि हे राज्य चक्क उतरतं आहे. पश्चिमेला कोलोरॅडोच्या हद्दीशी माउंट सनफ्लॉवर ४,०३९ फूट, आणि आग्नेयेला व्हर्डिग्रिस नदीपाशी सातशे फुटांच्याही खाली. गाडीतून ते जाणवत नाही एवढंच.

माउंट सनफ्लॉवरला 'माउंट' म्हणायला धैर्य लागतं. शेतातला किंचित चढ, त्यावर रेल्वेच्या खिळ्यांचं एक सूर्यफूल उभं केलंय. जमीन खाजगी आहे, पण मालक येऊ देतात. शिखर सर करायला चपला पुरतात.

आता माझ्या आवडीचा विषय निघालाच आहे तर दोन जागा सांगतो. लेबनन गावाजवळ सलग ४८ राज्यांचा भौगोलिक मध्यबिंदू आहे. १९१८ मध्ये सरकारी मोजणी खात्याने तो कसा काढला, माहितेय? पुठ्ठ्याचा नकाशा कापून टोकावर तोलून धरला. जिथे तो तोलला, ते देशाचं केंद्र! खरा बिंदू कुणाच्या तरी शेतात पडला, म्हणून १९४१ मध्ये दगडी खूण थोड्या अंतरावर उभारली. शेजारी इवलंसं प्रार्थनाघर आहे. अलास्का आणि हवाई आल्यावर सगळ्या देशाचं केंद्र साउथ डकोटात गेलं, पण लेबननकरांनी पाटी काढली नाही.

दुसरी जागा तिथून फार लांब नाही, ऑस्बोर्न काउंटीत. नाव मीड्स रँच. कुरणात सिमेंटमध्ये बसवलेली ब्राँझची चकती. १९०१ मध्ये ती देशाच्या मोजणीचा मूळ बिंदू ठरली, आणि पुढे १९२७ च्या पद्धतीत सबंध उत्तर अमेरिकेचे नकाशे त्या चकतीवरून मोजले जायचे. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला जो मान आहे, तो तिथे या कुरणाला. हिच्यासाठी कुणी टी-शर्ट काढलेला नाही, म्हणून मला ती फार जवळची वाटते. कुरण खाजगी आहे, न विचारता शिरू नका.

संत्री बर्फी:

पुठ्ठा तोलून देशाचा मध्य काढला? आमच्या नागपुरात झिरो माइलचा दगड आहे आणि चार घोडे आहेत. पुठ्ठ्याचं काही सांगू नका बावा.

नकाशेवाला:

संत्री बर्फी, झिरो माइलचा दगड ब्रिटिशांच्या मोजणी खात्याचा आहे, त्याबद्दल आदरच आहे. तो देशाचा नेमका मध्य आहे का, यावर मात्र वेगळा धागा निघेल आणि दोनशे प्रतिसादांनंतर तो बंद करावा लागेल. इथे नको.

रात्रकिडा:

भुतांचं काय? मी लॉरेन्सला केयूत (कॅन्सस विद्यापीठात) शिकत असताना हॅलोविन जवळ आला की स्टलचं नाव निघायचंच. लॉरेन्स आणि टोपेकाच्या मधे चार घरांची वस्ती, आणि टेकाडावर दफनभूमी. तिथे नरकाचं दार आहे. सैतान वर्षातून दोनदा जातीने हजेरी लावतो. टेकाडावरच्या पडक्या चर्चला छप्पर नसूनही आत पाऊस पडत नाही. भिंतीवर बाटली फेकली तर फुटत नाही. आणि कडी म्हणजे, पोपने कॅन्ससवरून जाताना वैमानिकाला विमान वळवायला लावलं, कारण त्या अपवित्र जमिनीवरून उडायचं नव्हतं.

पहिल्या सत्रातल्या पोरांना हे सगळं गंभीर चेहऱ्याने सांगायचं हा आमचा सीनियरपणा.

दप्तरदार:

या भुताचा जन्मदाखला उपलब्ध आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये तुमच्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या 'युनिव्हर्सिटी डेली कॅन्सन' या वर्तमानपत्रात स्टलवर लेख आला. आमच्या गावाबद्दल असलं काही आम्ही कधी ऐकलेलं नाही, असं गावकरी तेव्हाच सांगत होते. पण त्या वर्षीपासून हॅलोविनला गाड्यांची रीघ लागली. थडगी फोडली, दगड पळवले. शेवटी शेरीफची माणसं पहाऱ्याला बसवावी लागली आणि आत शिरणाऱ्याला दंड सुरू झाला. २००२ मध्ये ते पडकं चर्चही पाडलं. म्हणजे पाऊस न पडणारी भिंत आता बघायलाही उरलेली नाही.

ही दफनभूमी आजही वापरात आहे. तिथे लोकांचे आजी-आजोबा, काहींची लहान मुलं पुरलेली आहेत. 'एक्सप्लोर' करायच्या यादीतून स्टल वगळावं, असं मी आग्रहाने म्हणेन.

रात्रकिडा:

दप्तरदार, पटलं. पण पोपचं विमान मी सोडणार नाही, ते फार आवडतं.

दप्तरदार:

खरी भीती हवी असेल तर बेंडर कुटुंबाची गोष्ट सांगतो. सैतान नाही, चारच माणसं.

आग्नेय कॅन्ससमध्ये, आजच्या चेरीव्हेलजवळ, १८७० च्या सुमारास हे कुटुंब वसतीला आलं. म्हातारा, म्हातारी, तरुण जॉन आणि केट. ते खरोखर आई-बाप-मुलं होते का, यावरही वाद आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेवर यांची एक खोली. मधे कॅनव्हासचा पडदा, पुढे खानावळ आणि किराणा, मागे घर. केट रोग बरे करते, मृतांशी बोलते, अशी जाहिरात करायची. वाटसरूला मान देऊन पडद्याला पाठ लावून बसवायचे. केट बोलण्यात गुंतवायची. पडद्यामागून डोक्यात हातोडा, मग जमिनीतलं झाकण उघडून खाली तळघरात. रात्री बागेत पुरायचे.

१८७३ च्या वसंतात डॉ. विल्यम यॉर्क बेपत्ता झाला. तो स्वतः आधीच्या बेपत्ता लोकांचा माग काढत फिरत होता. त्याचा भाऊ राज्याच्या सेनेटचा सदस्य, त्यामुळे शोध नेटाने सुरू झाला. चौकशी दाराशी येऊन गेली आणि काही दिवसांनी शेजाऱ्याच्या लक्षात आलं की बेंडरांची जनावरं उपाशी हंबरतायत आणि घरात कुणी नाही. बागेत जमीन जिथे जिथे खचली होती, तिथे लोखंडी कांब खुपसून पाहिलं. प्रेतं निघत गेली. एकूण बळी डझनभर तरी असावेत. त्यांची घोडागाडी थेयर गावाजवळ सोडलेली सापडली, तिथून ते आगगाडीत बसले. पुढे काय झालं, आजपर्यंत पत्ता नाही. पकडून मारलं म्हणून फुशारकी मारणारे पुष्कळ निघाले, पुरावा एकानेही दिला नाही.

आणि खरं भुताटकीचं वागणं कुणाचं, तर बघ्यांचं. बातमी फुटल्यावर हजारो लोक लोटले आणि आठवण म्हणून घराच्या फळ्या, तळघराचे दगड, जे हाताला लागेल ते उचलून नेलं. घरच नाहीसं झालं.

कॅमेरावाली मावशी:

बाप रे. रात्री साडेअकराला हे वाचायला नको होतं.

गहूवर्णीदादा, एका वाक्याशी मात्र असहमत. निसर्गाने हात आखडता घेतला म्हणता, मग ओकलीच्या दक्षिणेला मॉन्युमेंट रॉक्स पाहिलेत का? सपाट कुरणात अचानक खडूच्या भिंती आणि कमानी उभ्या, काही जवळपास सत्तर फूट. १९६८ मध्ये त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी सूक्ष्म जिवांच्या कवचांचा गाळ साचून हा खडू झाला. दगडाला हात लावला तर बोटं पांढरी होतात. (नाव कोरू नका. लोकांनी कोरलीत, आणि खडू असल्यामुळे कोरायला फार सोपं जातं, हेच दुर्दैव.)

समुद्रावर विश्वास बसत नसेल तर हेजला स्टर्नबर्ग संग्रहालयात जा. 'माशात मासा' नावाचा जीवाश्म आहे. झिफॅक्टिनस नावाचा सुमारे चौदा फुटी मासा, आणि त्याच्या पोटात सबंध गिळलेला सहा फुटी दुसरा मासा. गिळला आणि थोड्याच वेळात गिळणाराही मेला, बहुधा आतला धडपडल्यामुळे. जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो १९५२ मध्ये बाहेर काढला. आमचा मुलगा ताटातलं न चावता गिळतो, त्याला मुद्दाम तिथे उभं केलं.

व्यवहाराचं सांगायचं तर मॉन्युमेंट रॉक्सचा शेवटचा रस्ता कच्चा आहे. पाऊस झाला असेल तर जाऊ नका, चिखलात चाक रुतलं तर मैलोन्मैल माणूस नाही. पाणी, सावली, शौचालय, काहीही नाही. ऊन उतरताना जावं, तेव्हा कमानी मधाच्या रंगाच्या दिसतात.

गहूवर्णी:

मावशी, मान्य. 'निसर्गाने लपवून ठेवलंय' असं वाचावं.

शौचालयाचा विषय काढलात म्हणून ल्युकसबद्दल राहिलेलं सांगतो. तिथलं सार्वजनिक शौचालयच कमोडच्या आकाराचं आहे! 'बोल प्लाझा'. वर उघडलेलं झाकण, आणि आत-बाहेर काचा, बशांचे तुकडे, खेळणी बसवून केलेलं नक्षीकाम. गावकऱ्यांनी वर्गणी आणि श्रमदान करून २०१२ मध्ये पुरं केलं. शिवाय जगातल्या 'सर्वांत मोठ्या' वस्तूंच्या 'सर्वांत छोट्या' प्रतिकृतींचा संग्रह आहे. एक कलाकार बाई प्रतिकृती करतात, मूळ वस्तूपाशी नेऊन दोघांचा एकत्र फोटो काढतात आणि परत आणून मांडतात.

आय-७० सोडून विल्सनहून ल्युकसला जाताना रस्त्याकडेला कुंपणाचे खांब बघा. सगळे दगडी. इथे झाडंच नव्हती, म्हणून वसाहतकऱ्यांनी जमिनीखालचा चुनखडीचा थर फोडून खांब केले. खाणीतून निघताना दगड मऊ असतो, हवेने टणक होतो. काही खांब शंभरहून जास्त वर्षं उभे आहेत. मला विचाराल तर डिन्समूरचं वेड या खांबांतूनच आलं. लाकूड नाही तर दगडाचं लाकूड करू, ही इथली सवयच होती.

पाऊलवाट:

कॉकर सिटीला सगळे गुंड्याचे फोटो काढतात आणि परत फिरतात. त्या गावाला लागूनच वाकोंडा तलाव आहे, तो बघत नाहीत. म्हणजे तलाव बघण्यासारखा नाहीच, त्याच्या खाली काय आहे ते महत्त्वाचं.

तिथे एक झरा होता. क्षारांचे थर साचून साचून चाळीसेक फूट उंचीचं टेकाड झालेलं आणि त्याच्या माथ्यावर गोल, काठोकाठ भरलेलं खारट पाण्याचं कुंड. प्रेअरीवरच्या कितीतरी आदिवासी जमातींचं ते तीर्थ. लोक कुंडात वस्तू अर्पण करायचे. नंतर गोऱ्यांनी तिथे आरोग्यधाम बांधलं, पाणी बाटल्यांत भरून विकलं. आणि १९६० च्या दशकात ग्लेन एल्डर धरण झालं, त्यात झरा बुडाला. आता काठावर त्याची एक प्रतिकृती केली आहे. प्रतिकृती!

दंतकथा अशी सांगतात की वाकोंडा ही एका सरदाराची लेक, तिचं शत्रू जमातीतल्या तरुणावर प्रेम बसलं. कुंडाकाठी लढाई झाली, तिच्या बापाच्या बाणाने तो तरुण पाण्यात पडला, तिनेही मागोमाग उडी घेतली. मला या गोष्टीला गोऱ्यांच्या मासिकांचा वास येतो. त्या काळात अमेरिकेतल्या प्रत्येक कड्यावरून आणि धबधब्यावरून एकेका आदिवासी राजकन्येला उडी मारायला लावलेली आहे. ज्यांचं तीर्थ होतं त्यांना हुसकावून लावायचं आणि मग त्यांच्या नावाने रडकी प्रेमकथा रचायची.

आम्ही धरणग्रस्त गावातले आहोत, त्यामुळे तिथे काठावर मला गुंड्याइतकी गंमत वाटली नाही.

गहूवर्णी:

पाऊलवाट, हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. पुढच्या वेळी तलावावर थांबेन.

खडूस म्हातारा:

धागा बरा निघाला. आता माझीही एक भर. १८९७ मध्ये लेरॉय गावाजवळच्या अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या शेतकऱ्याने जाहीर केलं की रात्री आकाशातून तीनशे फूट लांब विमान उतरलं, आत सहा विचित्र प्राणी, आणि त्यांनी दोर टाकून माझी कालवड वर ओढून नेली. दुसऱ्या दिवशी तिचं कातडं, पाय आणि मुंडकं दूरच्या शेतात मिळालं. गावातल्या प्रतिष्ठितांनी, हा माणूस खोटं बोलणार नाही, असं सही करून लिहून दिलं. वर्तमानपत्रांनी देशभर छापलं. राइट बंधूंना अजून सहा वर्षं अवकाश होता, बरं का.

पुढे उघड झालं की हॅमिल्टन आणि ते सही करणारे एकाच थापाड्या मंडळाचे सभासद! सर्वांत मोठी थाप कोण मारतो, ही त्यांची चढाओढ असायची. तरी उडत्या तबकड्यांच्या पुस्तकांत ही कालवड पुढे कितीतरी वर्षं खरी म्हणून चरत होती.

दप्तरदार:

आजोबा, फर्मास. हॅमिल्टन काय किंवा स्टल काय, दोन्हीकडे दंतकथेची आजी म्हणजे वर्तमानपत्र.

अर्धाकप:

त्या मंडळाचं सभासदत्व अजून मिळतं का? एका काकांसाठी विचारतेय.

गहूवर्णी:

ग्रीन्सबर्गबद्दल लिहायचं राहिलं होतं. विचिटाच्या पश्चिमेला, दोन तासांच्या आत. तिथली 'बिग वेल' ही १८८७-८८ मध्ये हातांनी खोदलेली विहीर. १०९ फूट खोल, ३२ फूट रुंद. आत गोल जिना आहे. त्याच संग्रहालयात हजार पौंडांचा अशनी ठेवलाय, ब्रेनम परिसरात सापडलेला. पॅलसाइट जातीचा, म्हणजे लोखंडात अडकलेले पिवळसर हिरवे स्फटिक. या अशनींची गोष्ट फार छान आहे. एलायझा किंबर्ली नावाची शेतकरीण शेतात सापडणारे काळे जड दगड गोळा करून घरामागे रचायची. नवरा आणि शेजारी हसायचे. हे आकाशातून पडलेत असं ती वर्षानुवर्षं पत्रं लिहून कळवत राहिली. १८९० मध्ये टोपेकाच्या वॉशबर्न कॉलेजातले प्राध्यापक क्रॅगिन आले, त्यांनी दगड बघितले आणि विकतच घेतले. हसणारे गप्प.

४ मे २००७ च्या रात्री ईएफ-५, म्हणजे सर्वांत तीव्र दर्जाचं, चक्रीवादळ आलं. त्याच्या सोंडेचा पट्टा गावापेक्षा रुंद, पावणेदोन मैलांचा. पंच्याण्णव टक्के गाव गेलं. अशनी ढिगाऱ्याखालून सुखरूप निघाला. विहीर अर्थातच जागेवर. लोकांनी गाव पुन्हा बांधलं, पवनचक्क्या आणि कमी वीज लागणाऱ्या इमारती घेऊन. नवं संग्रहालय २०१२ मध्ये उघडलं.

माहुलीचा:

विहीर बघायला तिकीट काढता? आमच्या साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद, आत महाल, शिल्पं, शिवाय त्यांच्या विहिरीपेक्षा दीडेकशे वर्षांनी जुनी. एक फूट खोलीनेही आम्हीच पुढे. पुठ्ठा, सुतळी, विहीर, साधी माणसं आहेत हो ही.

गहूवर्णी:

त्या एका फुटाबद्दल ग्रीन्सबर्गला पत्र टाकतो. गंमत सोडा, लिंबची विहीर खरंच देखणी आहे, ही नुसतंच भोक आहे. पण ही रेल्वेसाठी आणि गावासाठी साध्या मजुरांनी फावड्या-कुदळीने खणली, आणि वादळानंतर गावात ओळखीचं म्हणावं असं जे थोडं उरलं त्यात ती होती. तिथे जिन्यावरून उतरताना लोक आवाज न करता उतरतात.

नटबोल्ट:

यंत्रवाल्यांसाठी: वेस्ट मिनरल गावाजवळ 'बिग ब्रूटस'. खाणीवरचं विजेवर चालणारं फावडं, १६० फूट उंच, वजन १ कोटी १० लाख पौंड. १९६३ ते १९७४ चाललं, मग विजेचं बिल आणि कोळशाचा भाव यांचं गणित जमेना, म्हणून आहे तिथेच उभं ठेवलं. हलवणं परवडत नव्हतं! बादलीत आमचं ऑफिसचं अख्खं डिपार्टमेंट फोटोसाठी मावलं. आत चढून चालकाच्या खुर्चीपर्यंत जाता येतं. चेरीव्हेल त्याच बाजूला आहे, दोन्ही एका दिवसात होतं.

हचिन्सनची मिठाची खाणही घ्या यादीत, जमिनीखाली ६५० फूट. त्याच खाणीत हॉलिवूडच्या चित्रपटांची मूळ रिळं जपून ठेवतात, कारण हवा कोरडी आणि तापमान बारा महिने सारखं. गावातच कॉस्मोस्फिअर या अवकाश-संग्रहालयात अपोलो १३ चं खरंखुरं यान आहे. हे 'विचित्र'मध्ये बसत नाही, पण कॅन्ससच्या गव्हात चंद्रावरून वळून परत आलेलं यान सापडणं मला पुरेसं विचित्र वाटतं.

अर्धाकप:

महत्त्वाचा प्रश्न कुणीच विचारला नाही. खायचं काय? आम्ही पूर्ण शाकाहारी, सोबत सासूबाई.

कॅमेरावाली मावशी:

अर्धाकप, छोट्या गावात शाकाहारी म्हणजे ग्रिल्ड चीज नाहीतर बटाटे, यावर मनाची तयारी ठेव. बिअरॉक म्हणून कोबीचं सारण भरलेला पाव मिळतो, पण आत गोमांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नकोस. विल्सनला चेक लोकांची वस्ती आहे, तिथे कोलाचे (सारण घातलेले गोड पाव) मिळाले तर घे, जर्दाळू किंवा खसखशीचे. इथली माणसं चिली नावाच्या मसालेदार रश्शाबरोबर सिनॅमन रोल खातात, शाळेच्या डब्यापासूनची सवय आहे म्हणे. मला आधी हसू आलं, मग आठवलं की आपणही जिलबी आणि मठ्ठा एका ताटात घेतो. सासूबाईंसाठी दशम्या आणि चटणी घरूनच ने, आणि पेट्रोल अर्ध्यावर आलं की भर. पश्चिमेकडे पुढचा पंप कधी येईल सांगता येत नाही.

रात्रकिडा:

हेजला थांबणारच असाल तर निळ्या दिव्याची बाई राहिली. एलिझाबेथ पॉली. १८६७ मध्ये फोर्ट हेजमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तिने आजारी सैनिकांची सेवा केली आणि त्यातच गेली. संध्याकाळी ती ज्या टेकडीवर फिरायला जायची, तिथे निळसर उजेड दिसतो म्हणतात. गावात तिच्या नावाची बाग आणि पुतळा आहे. दप्तरदारांनी जन्मदाखला शोधू नये, ही विनंती.

दप्तरदार:

शोधणार नाही. साथ खरी होती, तेवढं पुरे.

तांबडं फुटलं:

सगळा धागा वाचला, वाचनखूण साठवली. आम्ही ओमाहाला असतो. जूनमध्ये जावं की सप्टेंबरमध्ये? आणि आमच्या नेब्रास्कातलं कारहेंज इथे चालेल का? जुन्या गाड्या उभ्या पुरून स्टोनहेंज केलंय, सगळ्या राखाडी रंगवलेल्या.

गहूवर्णी:

मे आणि जून वादळांचे महिने, तेव्हा आलात तर फोनवर हवामानाचे इशारे चालू ठेवा आणि भोंगा वाजला की कॅमेरा काढायचा नाही, तळघर शोधायचं. जूनच्या मध्याला गव्हाची कापणी असते, ती बघण्यासारखी. सप्टेंबरमध्ये रानभर सूर्यफुलं आणि ऊन सोसवतं, लहान मुलं असतील तर तेव्हाच या.

कारहेंजसाठी नेब्रास्काचा वेगळा धागा काढा. दुवा इथे द्या, झुळूकताई निषेध नोंदवायला येतीलच.